मराठवाड्यातून शॉर्टवेव्ह: आधी घरघर मारा, मग रेडिओ बदला

तेरणाकाठ

शॉर्टवेव्हवर, म्हणजे लांबच्या देशांची स्टेशनं आणणाऱ्या लहरींवर, "कोणता रेडिओ घेऊ" असे धागे ढिगाने आहेत. हा धागा त्याच्या आधीच्या पायरीचा. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद तक्रारींत दोष रेडिओचा नसतो. घरातली विजेची घरघर आणि चुकीच्या वेळी चुकीचा बँड, ही दोन कारणं निघतात. आठ-दहा हजारांचा रेडिओ घेऊन स्लॅबखाली चार्जरशेजारी ठेवला, तर बाजारातल्या सात बँडवाल्या खोक्यात आणि त्यात काही फरक उरत नाही.

सुरुवात चाचणीने करा. रेडिओ बॅटरीवर लावा, चार्जरची पिन पूर्ण काढा. ३१ मीटरवर, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झमध्ये, जिथे स्टेशन नाही अशी रिकामी जागा धरा आणि आवाज कानाला स्पष्ट कळेल इतका ठेवा. आता घराचा मेन एमसीबी पाडा. घरघर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्या खोलीचा लावल्यावर आवाज परत येईल तिथे शोधा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा बिनानावाचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर किंवा वायफायचा अडॅप्टर सापडतो. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर तो आपोआप चालू होतो आणि चाचणी खोटी ठरते. त्याचं बटणही बंद करा, हे हमखास विसरतं.

मेन पाडूनही आवाज तसाच राहिला तर तो बाहेरून येतोय. मग लाइट जायची वाट बघा, आपल्याकडे फार थांबावं लागत नाही. गावाची लाइट गेल्यावर बँड शांत झाला तर शेजारी किंवा खांब. तरीही चालूच राहिला तर बॅटरीवर चालणारं काहीतरी आहे.

उदगिरी

चांगला धागा. नेमकी माझी अडचण: टेकसन पीएल-३३०, घर गावाच्या कडेला, पुढे शेत. चाचणी केली. मेन पाडला, गावाची लाइटही नव्हती, तरी सगळ्या बँडवर टक… टक… टक… यायलंय. सेकंदाला एक, घड्याळासारखं. रात्री जास्त. रेडिओ खराब आहे का?

मुरूम_माती

रेडिओ ठणठणीत आहे. ते झटका मशीन आहे. रानडुकरं आणि रोह्यांसाठी शेताला तार लावलेली असते, तिचं मशीन साधारण सेकंदा-सव्वा सेकंदाला एक ठोका देतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, म्हणून लाइट गेली तरी थांबत नाही, आणि बरेच जण रात्रीच चालू करतात.

पण एक समजून घ्या. तार नीट असेल तर ठोका बारीक ऐकू येतो आणि शे-दोनशे मीटरपुढे त्रास होत नाही. घर हादरवणारी टकटक येते ती ठिणगीमुळे. तारेला गवत टेकलेलं, इन्सुलेटरला तडा गेलेला, किंवा गंजलेल्या तारेला नुसती गाठ मारून जोड दिलेला. त्या फटीत दर ठोक्याला ठिणगी उडते आणि अख्खी तार अँटेना होऊन ती फेकत राहते.

शोधायला साधा मीडियम वेव्हचा रेडिओ पुरतो. डायलच्या वरच्या टोकाला, १६०० च्या आसपास, रिकामी जागा धरा आणि अंधारात तारेच्या कडेने चाला. तार कुठेही थोडीफार वाजेलच, पण फटीजवळ आवाज फुगतो, आणि अगदी जवळ गेलं की रेडिओशिवायही 'चट्' ऐकू येतं, निळा ठिपका दिसतो. शेतमालकाला सोबत घ्या, मशीन बंद करूनच हात लावा. गवत कापणं, जोडाला गाठीऐवजी क्लॅम्प, तडकलेला इन्सुलेटर बदलणं, एवढ्यात काम होतं. मालकाचाही फायदाच आहे: जिथे ठिणगी गळते तिथे पुढच्या तारेला झटका कमी जातो. ही गोष्ट त्याला पटते, तुमचा रेडिओ पटणार नाही.

मशीनचा अर्थ रॉड (जमिनीत ठोकलेली सळई) तुमच्या अँटेनाच्या अर्थपासून किमान १० मीटर दूर हवा. आणि मशीनऐवजी तारेत थेट घरची लाइट सोडलेली दिसली तर रेडिओ विसरा, त्या तारेच्या जवळही जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि माणसं मरतात.

पूर्णा_ते_परळी

आवाजावरून ओळखायच्या आणखी काही खुणा.

डायल फिरवताना दर ६०-१०० किलोहर्ट्झला घरघरीचा डोंगर येतो, मध्ये दरी: स्विचिंग सप्लाय, म्हणजे चार्जर, अडॅप्टर, एलईडी ड्रायव्हर.

सकाळी ऊन चढल्यावर सुरू, ढग आला की बदलतो, दिवस मावळला की गप्प: सोलरचा चार्ज कंट्रोलर किंवा सौर कृषिपंपाचा ड्राइव्ह. पॅनेलपासून येणाऱ्या दोन तारा लांब लांब ठेवल्या तर त्यांचं मोठं वेटोळं होतं. दोन्ही एकमेकींत पिळून आणा आणि कंट्रोलरजवळ फेराइटमधून, म्हणजे घरघर अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय रिंगमधून, काढा. फेराइटमधून तार एकदाच ओवली तर फारसं काही होत नाही. वेढ्यांच्या वर्गाने परिणाम वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांना पंचवीस पट. शॉर्टवेव्हसाठी ३१ नंबर मिक्सचं फेराइट उत्तम. नसेल तर भंगारातल्या जुन्या डबा टीव्हीच्या योकमधली (पिक्चर ट्यूबच्या मानेवरची गुंडाळी) फेराइटची रिंग घ्या, चार्जरची तार तिच्यावर जमतील तितके वेढे.

खरखरीत, फाटक्या कापडासारखा, वारा सुटला की वाढणारा आणि पाऊस पडला की बहुधा थांबणारा: ११ केव्हीच्या लाइनवर ढिला जंप (तारा जोडणारा तुकडा) किंवा इन्सुलेटर. खांबाचा नंबर लिहून वीज कार्यालयात लेखी द्या. खांबाला दगड मारून खात्री करायच्या फंदात पडू नका.

कापूसकोंड्या

एवढा कुटाणा कशाला? बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला. रेडिओ सिलोनचे २५ आणि ४१ मीटर आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच. उरलं काय? मोबाइलवर सगळी स्टेशनं ऐकू येतात.

तेरणाकाठ

कोंड्याशेठ, कार्यक्रम ऐकायचा असेल तर मोबाइलच चांगला, वाद नाही. इथे छंद आहे तो लहर पकडण्याचा. आणि उरलंय बरंच: चायना रेडिओ इंटरनॅशनल काशगरहून आपल्याकडे इतकं जोरात येतं की अँटेना लागत नाही. बीबीसीची इंग्रजी वर्ल्ड सर्व्हिस, जपानचं एनएचके, कोरियाचं केबीएस, रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल, व्हॉइस ऑफ तुर्की, व्हॉइस ऑफ व्हिएतनाम. कान तयार झाला की रेडिओ न्यूझीलंड पॅसिफिक.

फ्रिक्वेन्स्या मुद्दाम लिहीत नाही. मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलतं. अ हंगाम उन्हाळ्याचा, ब हंगाम हिवाळ्याचा. तीन वर्षांपूर्वीच्या धाग्यातून उचललेली फ्रिक्वेन्सी लावून "काही येत नाही" म्हणू नका. 'आयबी' किंवा 'शॉर्टवेव्ह इन्फो' या साइटवर चालू हंगामाची यादी मिळते. एचएफसीसी या शॉर्टवेव्ह फ्रिक्वेन्स्यांचा ताळमेळ ठेवणाऱ्या संघटनेच्या यादीत ट्रान्समीटरची ताकद, दिशा आणि लक्ष्य विभाग असतो. आपला विभाग ४१. रोमानियाचे ३०० किलोवॅट पश्चिम युरोपकडे रोखलेले असतील तर तुम्हाला पाठीमागचा उरलासुरला सिग्नल मिळेल. विभाग ४१ लिहिलेलं प्रसारण आधी शोधा.

बॅटरी_उतरली

वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. यादीतल्या सगळ्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असतात. आपली वेळ वजा साडेपाच तास. चूक होते ती तारखेत: पहाटे साडेपाचच्या आधी यूटीसीची तारीख कालची असते. १ जानेवारीला पहाटे ५ वाजता ऐकलं तर स्टेशनला पाठवायच्या रिपोर्टात ३१ डिसेंबर, २३३० लिहायचं. साल सुद्धा मागचं! याच एका कारणाने कित्येक रिपोर्ट बाद होतात.

बँडचा ढोबळ हिशेब: दिवसा वरचे (मीटरचा आकडा लहान), रात्री खालचे (आकडा मोठा). भर दुपारी ४९ मीटर (५९००–६२००) लावलं तर फक्त घरघर, कारण दिवसा आयनांबराचा, म्हणजे लहरी परत खाली वळवणाऱ्या आकाशातल्या पट्ट्याचा, खालचा 'डी' थर खालच्या लहरी पिऊन टाकतो. दुपारी १९ मीटर (१५१००–१५८३०) आणि १६ मीटर (१७४८०–१७९००) बघा. चार-पाचपासून २५ मीटर (११६००–१२१००) आणि ३१ मीटर. अंधार पडला की ४१ मीटर (७२००–७४५०) आणि ४९. सूर्य उगवण्या-मावळण्याच्या आसपासचा अर्धा तास सोडू नका, लांबची दुबळी स्टेशनं तेव्हाच डोकं वर काढतात.

भर दिवसा सगळे बँड एकाएकी मेल्यासारखे झाले तर रेडिओ उघडून बसू नका. सूर्यावर मोठी ज्वाळा उठली की उजेडातल्या अर्ध्या पृथ्वीवर असं होतं. खालचे बँड आधी जातात, वरचे आधी परततात, म्हणून १६ मीटरवर लक्ष ठेवा.

उदगिरी

टकटकीचा पत्ता लागला. तारेला घाणेरीचं झुडूप टेकलं होतं, कापल्यावर ऐंशी टक्के कमी. आता अँटेना. छतावर १५ मीटर जागा आहे. घरात स्लॅब, मागच्या खोलीवर पत्रे.

मुरूम_माती

स्लॅबची सळई आणि पत्रे, दोन्ही सिग्नल अडवतात. (जुन्या माळवदाच्या घरात रेडिओ आत चांगला वाजतो तो याचमुळे, वर लाकूड आणि माती, लोखंड नाही.) त्यामुळे तार बाहेरच हवी.

तार: मोटार वायंडिंगच्या दुकानात इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. १८ गेज घ्या, १५ मीटरला साधारण १६० ग्रॅम भरते. २२ गेज स्वस्त पडते, पण वाऱ्यात ताणून तुटते. घरच्या वायरिंगची एक एमएमची वायरही चालते, वरचं प्लास्टिक काढायची गरज नाही.

टोकांना पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे इन्सुलेटर म्हणून. एक टोक झाडाला बांधणार असाल तर पक्की गाठ नको, लिंब हलला की तार तुटते. दोरी कप्पीवरून घ्या आणि खाली वाळू भरलेली एक लिटरची बाटली टांगा. नायलॉनची दोरी आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात पिचते, पाडव्याला बदलायची सवय लावा.

तार पत्र्यावरून नेताना निदान दोन मीटर वर ठेवा. गंजलेल्या हुकांमुळे पत्रा स्वतःच कुरकुरतो, तेवढे हुक आवळून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तारेचं टोक थेट घरात आणू नका. घरात शिरलेला शेवटचा तीन मीटरचा तुकडाच घरातली घरघर गोळा करतो. बाहेरच ९:१ ट्रान्सफॉर्मर (तारेचे जास्त ओहम केबलच्या कमी ओहमशी जुळवणारा) बसवा आणि तिथून डिशची आरजी-६ केबल आत घ्या. केबल ७५ ओहमची आहे म्हणून घाबरू नका, ऐकण्यापुरता काही फरक पडत नाही. ट्रान्सफॉर्मर: बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा फेराइट, तारेच्या बाजूला ६ वेढे, केबलच्या बाजूला २. दोन्ही भोकांतून एक फेरी म्हणजे एक वेढा. वेढे १:३, म्हणून ओहम १:९. ६ वेढ्यांचं एक टोक अँटेनाला, दुसरं जमिनीतल्या रॉडला. २ वेढे केबलच्या आतल्या तारेला आणि जाळीला. दोन्ही वाइंडिंग एकमेकांना कुठेही जोडू नका, खरी गंमत त्यातच आहे: घरची घरघर केबलच्या जाळीवरून अँटेनापर्यंत पोचत नाही.

पूर्णा_ते_परळी

दोन सावधगिऱ्या. जुन्या टीव्ही अँटेनाचा प्लास्टिकचा बालन (अँटेना आणि केबल जुळवणारा तुकडा) यासाठी वापरू नका, तो व्हीएचएफचा, म्हणजे टीव्हीच्या बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, ६-७ मेगाहर्ट्झला झोपतो. आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंगही नको, ती लोखंडाच्या भुकटीची असते, ट्रान्सफॉर्मरला कुचकामी.

परभणीच्या जवळपास असाल तर आकाशवाणीचं १३०५ किलोहर्ट्झ लांब तारेवर इतकं चढतं की शॉर्टवेव्हवर भलत्याच जागी मराठी ऐकू येतं. केबलच्या आतल्या तारेत १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सिरीजमध्ये टाका. १३०५ ला तो सुमारे १२०० ओहमची भिंत होतो, ९६०० ला जेमतेम १६५. मीडियम वेव्ह दबतं, शॉर्टवेव्ह थोडंच कमी होतं.

स्वस्त रेडिओत आणखी एक भूत असतं. ९६०० चं स्टेशन ८६९० लाही वाजतं. फरक बरोबर ९१०, म्हणजे ४५५ ची (रेडिओच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) दुप्पट. ती इमेज, म्हणजे त्याच स्टेशनची खोटी सावली आहे, नवीन स्टेशन नव्हे. "८६९० वर चीन सापडलं" असे रिपोर्ट पाठवून हसू करून घेऊ नका.

कापूसकोंड्या

बरं, मला छत नाही. संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली, गॅलरी पाच फूट. आता बोला.

पूर्णा_ते_परळी

आलात ना जाळ्यात! लूप, म्हणजे वेटोळ्याची अँटेना करा. एक मीटर व्यासाचं एकच वेटोळं, ६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचं, फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळते. त्याचं इंडक्टन्स साधारण ३.३ मायक्रोहेन्री येतं. दोन टोकांमध्ये जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची ३६५ पिकोफॅरडची गँग (दांडा फिरवून कमी-जास्त होणारा कपॅसिटर). गँग पूर्ण मिटली की ४.६ मेगाहर्ट्झ, पूर्ण उघडली की १७ च्या आसपास. म्हणजे ४९ ते १९ मीटर आरामात, १६ मीटर काठावर. आत खालच्या बाजूला २० सेंटिमीटरचं छोटं वेटोळं, त्यातून केबल रेडिओला. मोठ्या वेटोळ्याला केबल जोडायची नाही.

गँगचे सांधे नीट डाग द्या. इथे अर्धा ओहमही महाग पडतो, नुसती पिळलेली जोड दिली की ट्यूनिंग पसरट होतं. बरोबर जमलं तर गँग केसभर हलवली तरी स्टेशन उसळी मारून येतं आणि जातं. हात जवळ नेला की सरकत असेल तर गँगच्या दांड्याला प्लास्टिकची लांब मूठ लावा.

मग लूप उभाच ठेवून गोल फिरवा. वेटोळ्यातून आरपार दिसतं त्या दिशेला त्याचा कान बहिरा असतो. शेजारच्या एलईडीची घरघर त्या बहिऱ्या बाजूला घ्या. आकाशातून येणारं स्टेशन फारसं कमी होत नाही, घरघर मात्र गळून पडते.

तेरणाकाठ

लांब तार लावणाऱ्यांसाठी विजेचं. एप्रिल-मे चा वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन काळात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं-जनावरं जातात. केबल रेडिओतून काढून ठेवणं पुरेसं नाही, ती घराबाहेर टाका, आणि ऐकून झालं की रोज टाका. लांबचा कडकडाट रेडिओवर आधी कळतो: ४९ मीटरवर चराचरा तडतड वाढली की उठा. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर ठेवा.

वीज न पडताही रेडिओ जातो. उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्याने नुसत्या तारेवर भार साठतो आणि रेडिओच्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा जीव घेतो. वरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तार ६ वेढ्यांतून रॉडला जोडलेली आहे, त्यामुळे तो भार आपोआप जमिनीत उतरतो. थेट तार लावणाऱ्यांनी तार आणि अर्थमध्ये एक लाख ओहमचा रेझिस्टर टाकावा. पण पडणाऱ्या विजेपुढे यातलं काहीही टिकत नाही.

रॉड काळ्या मातीत चार-पाच फूट सहज जातो, पावसाळ्यात उत्तम अर्थ मिळतो. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, रॉडभोवती पोकळी होते आणि अर्थ नावालाच उरतो. आठवड्याला बादलीभर पाणी. मुरूम किंवा खडक असेल तर उभ्या रॉडचा हट्ट सोडा, वीतभर खोल चर काढून दहा मीटर तार आडवी पुरा.

बॅटरी_उतरली

डिजिटल आकडे नसलेला रेडिओ ज्यांच्याकडे आहे त्यांनी चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन शोधावं. ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर, दर सेकंदाला टिक. (झटका मशीनशी गल्लत नको, हे एकाच जागी येतं, ते अख्ख्या डायलवर!) २९ व्या आणि ५९ व्या मिनिटाला आधी मोर्स, मग बाईच्या आवाजात चिनी घोषणा. आपली वेळ अर्ध्या तासाने सरकलेली असली तरी मिनिटं तीच राहतात. १० आणि १५ च्या जागी काचेवर पेन्सिलीने खूण करा, मग बाकीचे बँड अंदाजाने बसतात.

रिपोर्टाचं थोडक्यात: किमान वीस-तीस मिनिटं ऐका, काय बोललं ते मिनिटांसह लिहा. "कार्यक्रम छान होता" याला क्यूएसएल कार्ड (स्टेशनची पोचपावती) मिळत नाही. यूटीसी, फ्रिक्वेन्सी, रेडिओ, अँटेना, गाव. सिन्पो प्रामाणिक द्या: सिग्नल, इतर स्टेशनचा अडथळा, गोंगाट, लहरीची चढउतार, एकूण, ५ उत्तम, १ वाईट. सगळ्यांना ५५५५५ लावणाऱ्याचा रिपोर्ट इंजिनिअरच्या कामाचा नसतो. अडथळा ३ असेल तर एकूण ५ येणार कसं? ४३३३३ लिहा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ) स्टेशन चालू आहे का ते बघायला वापरा, पण तिथे ऐकून रिपोर्टात उदगीर लिहू नका.

उदगिरी

तार लागली, ९:१ बसला. आधी ३१ मीटरवर चीनशिवाय काही नव्हतं, आता रिकामी जागा शोधावी लागते. एकच प्रश्न: रात्री आठनंतर काही स्टेशनं पंख्यासमोर बोलल्यासारखी थरथरतात. सिग्नल जोरात, पण शब्द कळत नाही. जोड ढिला आहे का?

मुरूम_माती

जोड ढिला असता तर सगळीच थरथरली असती. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला आहोत. सूर्यास्तानंतर इथल्या आयनांबराच्या वरच्या थरात बुडबुडे उठतात, त्याला स्प्रेड एफ म्हणतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त, आणि सूर्य तापलेला असलेल्या वर्षांत आणखी. त्या पट्ट्यातून येणारी लहर थरथरते, बाकीच्या नीट येतात. पीएल-३३० ला एसएसबी (लहरीची एकच बाजू ऐकण्याची सोय) आहे, स्टेशन त्यात झीरो-बीट करून, म्हणजे शीळ पूर्ण बसेपर्यंत डायल सरकवून, बँडविड्थ ३ किलोहर्ट्झ ठेवून बघा, थोडं सुसह्य होतं. नाहीतर मध्यरात्रीनंतर तेच स्टेशन पुन्हा लावा.